कानाच्या कागदावरचा खड्डा

सगळ्या फुल्या. डाव्या कानाच्या निळ्या फुल्याच फुल्या, आणि उजव्याला लाल शून्य. एकही बरोबरची खूण नाही.

मी डहाणू रोडला स्टेशनजवळच्या एका क्लिनिकमध्ये बाकड्यावर बसले होते. कानांची टेस्ट झाली होती. मॅडमने कागद हातात दिला, "पाच मिनिटं बसा हां, समजावून सांगते" म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत घेऊन गेल्या. त्या पाच मिनिटांत मी आणि दिनेशने मिळून माझे दोन्ही कान कायमचे बाद करून टाकले.

दिनेश माझा मामेभाऊ. आमच्या बेंजो ग्रुपमध्ये तो ऑक्टोपॅड वाजवतो, मी कीबोर्ड. त्याने कागद उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "वैशू, सगळं चुकलंय तुझं. उजव्याला तर शून्य मार्क. ते पण सहा वेळा."

"सहा वेळा कशाला तपासतील?"

"वेगवेगळे पेपर असतील ना."

हसू नका प्लीज. तुम्ही त्या बाकड्यावर बसाल ना तेव्हा कळेल. मी रडत रडत सायवनला आईला फोन लावला. "आई, दोन्ही कान गेले माझे!"

आई म्हणाली, "मग मी बोलतंय ते कुठून ऐकतेस गं?"

हे सगळं लिहितेय ते एवढ्यासाठीच. तो कागद हातात घेऊन कोणीतरी असंच बसलं असेल, बाजूला कोणीतरी दिनेश असेल. त्याचं ऐकू नका.

शिट्टी लागली तेव्हा आम्ही पार्टी केली

खरंच केली. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

आमचा ग्रुप सायवनचा. लग्न, हळद, साखरपुडा, सगळीकडे जातो. डहाणूचा अख्खा जंगलपट्टी भाग, तलासरी, उधवा, कधी पार गुजरातची हद्द ओलांडून. पिकअपवर मागे जनरेटर, दोन्ही बाजूला स्पीकरचे बॉक्स आणि मध्ये आम्ही. ग्रुप मामाचा आहे, दिनेशच्या बाबाचा. बेंजो तोच वाजवतो आणि आवाजाचं मशीन पण तोच सेट करतो. बारावीनंतर मी ग्रुपमध्ये आले तेव्हा लोक बोलायला लागले, मुलगी गाडीवर उभी राहून वाजवणार? आई पण तयार नव्हती. मामा एकटा म्हणाला, "तिची बोटं बघा आधी, मग बोला." बास. म्हणजे मी आज जी काही आहे ती मामामुळे आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर मार्चमध्ये तलासरीच्या बाजूला एक हळद होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर डाव्या कानात बारीक शिट्टी. ईईईई अशी. आमच्यात कार्यक्रमानंतर कान बसतात हे कॉमन आहे, दुपारपर्यंत मोकळे होतात. पण ही शिट्टी दुपारी पण होती. संध्याकाळी पण. तिसऱ्या दिवशी पण.

ग्रुपमध्ये सांगितलं तर सगळे उड्या मारायला लागले! आमच्यात त्याला रातकिडा म्हणतात. ज्याच्या कानात रातकिडा बसला तो पक्का कलाकार. सगळ्यांच्या कानात आहे, दिनेशच्या आहे, ढोलकवाल्याच्या आहे. "बसला काय तुझा पण? पार्टी पायजे!" आणि मी येडी, मी दिली पार्टी. वडापाव, कोल्ड्रिंक, सगळं. मला एवढा आनंद झाला होता! दोन वर्षं गाडीवर उभी राहून मी "मामाची भाची" होते, त्या दिवशी कलाकार झाले.

आजाराची पार्टी दिली मी. स्वतःच्या.

मग भीती

महिना गेला तरी शिट्टी थांबेना. गर्दीत विसरायला व्हायचं. पण दुपारी घरात सगळे शेतावर गेले की एवढी मोठी वाटायची की मी उठून मिक्सर चालू करायचे. रिकामा मिक्सर! आई एकदा अचानक आली, बघत राहिली. "काय वाटतेस?" काय सांगणार, म्हटलं बघतेय चालतो का.

आईला सांगितलं नाही. कारण तिने एकच केलं असतं, ग्रुप बंद. आणि गावाने म्हटलं असतं, बघा, आम्ही बोललेलो, मुलींचं काम नाय ते. त्यापेक्षा शिट्टी परवडली असं मला वाटायचं.

पण एक दिवस आईचा फोन डाव्या कानाला लावला तर ती गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखी. उजव्याला लावला तर नीट. परत डाव्याला. परत उजव्याला. आई तिकडून ओरडतेय, "अगं ऐकतेस का नाय?" कीबोर्ड वाजवणारीला कानच नसेल तर काय उरलं? तेव्हा सांगितलं तिला.

आईने आधी लसणाचं तेल गरम केलं. (घालू नका कानात काही. डॉक्टर मला ओरडले त्याच्यावरून.) मग मामाला शिव्या घातल्या, सख्ख्या भावाला! "तुझ्या गाडीने माझ्या पोरीचा कान खाल्ला." मामा म्हणाला, "कान बसलाय फक्त, उघडेल. माझा किती वेळा बसलाय." दोन दिवस दोघं बोलत नव्हते. मग सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी कान बघितले, आतून साफ आहेत म्हणाले, आणि मशीनवर टेस्ट करून यायला सांगितलं. आणि मी दिनेशला घेऊन त्या बाकड्यावर.

काचेचा डबा

टेस्ट कशी असते सांगते, म्हणजे घाबरायचं नाही. दुखत नाही. सुई नाही. एक छोटी खोली असते, फ्रीजसारखा जाड दरवाजा, आत एक खुर्ची, समोर काच. काचेपलीकडे मॅडम मशीन घेऊन बसतात. तुमच्या कानाला हेडफोन, हातात एक बटण. टूंऽ असा आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक आला तरी दाबायचं.

दरवाजा लागला आणि अशी शांतता झाली की माझी शिट्टी एकदम अख्ख्या खोलीत वाजायला लागली. आणि आता मशीनचा आवाज कुठला आणि माझा कुठला? मला काय कळेना! आणि मला पास व्हायचं होतं. शाळेत उत्तर येत नसलं तरी पेपर कोरा सोडायचा नाही असं बाई सांगायच्या, तसं मी दाबत सुटले. टुकटुक टुकटुक.

मॅडमने हेडफोनमधूनच विचारलं, "वैशाली, आत्ता काय ऐकलंत?"

"बारीक आवाज."

"मी काहीच सोडलं नव्हतं."

म्हणजे मी स्वतःच्याच शिट्टीला उत्तरं देत होते! मॅडम चिडल्या नाहीत पण. म्हणाल्या, कानात आवाज असणाऱ्यांचं असं होतं, घाबरू नका. मग त्यांनी आवाज तोडून तोडून दिला, टूं-टूं-टूं. शिट्टी सलग असते ना, त्यामुळे तुटक आवाज वेगळा ओळखता येतो. तुमच्या कानात पण वाजत असेल तर टेस्टच्या आधीच सांगा. लाजू नका. मी न सांगितल्यामुळे अर्धी टेस्ट परत झाली.

कागद

आता ती पाच मिनिटं संपली आणि आम्हाला आत बोलावलं. मॅडम माझं रडलेलं तोंड बघून म्हणाल्या, "काय झालं?"

दिनेश म्हणाला, "मॅडम, हिचं सगळं चूक आलंय."

मॅडमला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि त्या हसल्या, मग सॉरी म्हणाल्या. फुली म्हणजे डावा कान. गोल म्हणजे उजवा कान. बास, एवढंच! नुसत्या खुणा. मार्क नाहीत, पास-नापास नाही. मी दिनेशकडे बघितलं, तो छताकडे बघत होता.

मग त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत लिहिते. कागदावर डावीकडे जाडे आवाज, ढोलासारखे. उजवीकडे जाल तसे बारीक, बासरीसारखे, शिट्टीसारखे. आणि वरून खाली म्हणजे किती मोठा आवाज केल्यावर तुम्हाला ऐकू आला. खूण वर असेल तर हळू आवाज पण येतो, चांगलं. खाली गेली की मोठा करावा लागला. आम्हाला वाटतं रेघ खाली म्हणजे कमी, आणि कमी म्हणजे शुगरसारखं चांगलं. उलट आहे.

माझा उजवा कान जवळपास सगळा वर. मला नाचावंसं वाटलं! डावा पण वरच चालला होता, चालला होता, आणि चार हजार लिहिलेल्या रेघेवर धपकन खाली. पन्नासपर्यंत. आणि पुढच्या खुणेला परत वर. रस्त्यावर खड्डा असतो ना, तसा.

"हा खड्डा मोठ्या आवाजाने पडतो," मॅडम म्हणाल्या. "आणि शिट्टी साधारण तिथलीच आहे. कानाला तिथून आवाज येत नाही, म्हणून डोकं स्वतःच वाजवत बसतं."

"बुजेल ना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं तेव्हाच मला समजलं. मग म्हणाल्या, मांडवात लोक गवतावर नाचतात, एक दिवस नाचले तर दुसऱ्या दिवशी गवत उभं राहतं. रोज तिथंच नाचले तर नाही राहत. कानात तसंच काहीतरी बारीक असतं. हा खड्डा आहे तेवढा राहील. शिट्टीची सवय होते, बऱ्याच जणांना पुढे ती जाणवत पण नाही. वाढू द्यायचं नाही हे मात्र तुमच्या हातात आहे.

एकवीस वर्षांची आहे मी. बुजणार नाही असं काहीतरी माझ्यात आहे हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"ग्रुप सोडावा लागेल?" मी विचारलं. खरं तर तेवढंच विचारायला आले होते.

त्यांनी उलट विचारलं, "गाडीवर तुमच्या डाव्या बाजूला काय असतं?"

स्पीकर. बारीक आवाजाचा, आमच्यात हाय म्हणतात तो बॉक्स. माझ्यापासून हातभर.

"त्याचा आवाज कोण ठरवतं?"

"मामा."

"त्यांना घेऊन या एकदा," मॅडम म्हणाल्या. मला वाटलं ओरडायला बोलावतायत.

मामा

परत येताना शेअर जीपमध्ये दिनेश एकदम म्हणाला, "वैशू, बाबा आजकाल हाय लय वाढवतो ना?"

आणि मग एकेक दिसायला लागलं. ग्रुपमध्ये आमची खासियत म्हणजे तारपा. म्हणजे फुंकून वाजवायचा खरा दुधीचा तारपा नाही, मी कीबोर्डवर तो टोन वाजवते, सगळे गोल धरून नाचतात. दर कार्यक्रमाआधी मामा समोर जाऊन उभा राहतो, मी वाजवते, तो येऊन हाय वाढवतो. दर वर्षी थोडा जास्त. "दबलंय, उघडत नाय," म्हणतो. यंदा पहिल्या ओळीतली पोरं कानात बोटं घालायची आणि आम्हाला वाटायचं जोश आहे! मामा घरी मामीला म्हणतो, तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. मला पण म्हणतो. मी म्हणूनच त्याच्याशी ओरडून बोलायचे. पण ढोलकवाल्याचं जाडं बोलणं त्याला बरोब्बर ऐकू येतं.

बारीक आवाज मामालाच येत नव्हता. त्याला येईपर्यंत तो वाढवत होता. आणि मी त्या बॉक्सपासून हातभर अंतरावर उभी.

मला त्याच्यावर राग येत होता आणि रडू पण येत होतं, दोन्ही एकदम. ज्या माणसाने मला गाडीवर चढवलं त्याला मी जाऊन सांगू, तुझे कान गेलेत?

सरळ सांगितलं तर तो आलाच नसता. म्हणून मी खोटं बोलले. म्हटलं, "मामा, त्या मॅडम म्हणतात बेंजोवाल्याचा कान सगळ्यात तयार असतो. तुझा बघायचाय त्यांना."

मामा फुलला. "बघू दे. आजकालच्या पोरांना दाखवतोच." इस्त्रीचा शर्ट घालून आला!

तो डब्यात बसला. मी आणि दिनेश मॅडमच्या मागे उभे. मशीनवर एक छोटी लाईट आहे, पेशंटने बटण दाबलं की पेटते. सुरुवातीला पटपट पेटली. जाडे आवाज. मामा काचेतून आमच्याकडे बघून हसला. मग मॅडम पुढे गेल्या, बारीककडे.

लाईट पेटेना.

मॅडम वाढवत होत्या. परत. अजून. मी मामाकडे बघत होते. तो ताठ बसला होता, बटणावर अंगठा तयार, शाळेत पहिल्या बाकावर बसल्यासारखा. वाट बघत. दिनेशने माझा दंड एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. मला आठवतंय, हेडफोनमधला आवाज काचेबाहेर माझ्यापर्यंत पण येतोय असं वाटायला लागलं, एवढा वाढवला होता. आणि आत मामा शांत.

शेवटी त्याने एक हेडफोन काढला, दरवाजा ढकलला आणि डोकं बाहेर काढून म्हणाला, "मॅडम, मशीन बंद पडलं का? लाईट गेली काय?"

मामाने आमची तोंडं बघितली. मग परत आत गेला, हेडफोन नीट घातला, दरवाजा स्वतःच ओढून घेतला.

त्याच्या कागदात खड्डा नव्हता. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ आणि तिथून डोंगरावरून दगड घरंगळावा तशी खाली. दोन्ही कान. मॅडमनी त्याला समजावलं, कानाच्या मशीनबद्दल सांगितलं. मामाने सगळं ऐकून घेतलं, म्हणजे त्यांच्या ओठांकडे बघून घेतलं. ते पण मला त्या दिवशीच कळलं, की तो किती वर्षं ओठ बघतोय.

बाहेर आल्यावर मला वाटलं मला ओरडेल, खोटं बोलून आणलं म्हणून. तो म्हणाला, "उद्यापासून हाय तू बघ."

"मी? माझा डावा खराब आहे, मामा."

"उजवा आहे ना?"

आता

सांगण्यासारखं थोडं आहे, पटकन सांगते. कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात ते घालते. कापूस चालत नाही, मी विचारलं. सवय व्हायला चार कार्यक्रम गेले. बॉक्स लांब आणि उंच लावतो. मध्ये मध्ये गाडीवरून उतरून लांब जाऊन बसते. एकदम शांत खोलीत एकटी बसत नाही, पंखा लावते, रेडिओ हळू लावते, मिक्सर नाही लावत आता. शिट्टी आहे. काही दिवस दुपारपर्यंत लक्षात येत नाही, काही दिवस सकाळपासून डोकं खाते. आणि अचानक एका कानाने ऐकू कमी यायला लागलं तर माझ्यासारखा महिना काढू नका, त्याच आठवड्यात दाखवा. दिनेशची टेस्ट राहिलीय. घाबरतोय. तो हे वाचेल म्हणून लिहिलंय.

आई अजून मामाशी पहिल्यासारखं बोलत नाही. पण त्याचा कागद तिने मागून घेतला आणि बराच वेळ बघत बसली.

हाय माझ्या हातात आल्यावर पहिला कार्यक्रम विवळवेढ्याच्या पुढे होता, भर दुपारचं लग्न. आवाजाच्या मशीनवर मी. हाय मी बराच खाली घेतला. नवऱ्याकडचा एक काका दोनदा येऊन गेला, "आवाज कुठाय? झोपलात का?" मामाने त्याला सांगितलं, "आज एवढाच. नाचायचं तर नाच." आणि लोक नाचले. पहिल्या ओळीतल्या पोरांचे हात कानांवर नव्हते, एकमेकांच्या कमरेला होते.

जेवणाच्या सुट्टीत मामा माझ्याजवळ येऊन बसला. मी त्याच्याकडे तोंड केलं, आता तशीच बोलते.

"तारपा कसा वाजला आज?" त्याने विचारलं.

"गोड वाजला, मामा."

"आणि याच्या आधी? मी लावायचो तेव्हा?"

मला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलले होते, काम झालं होतं. पण त्याची नजर माझ्या ओठांवर होती.

"टोचायचं," मी म्हटलं. "लय टोचायचं."

मामा पत्रावळीतला भात कालवत राहिला. नवरीकडच्या बायका पाणी वाढत फिरत होत्या, त्याने नको म्हणून हात केला.

"एवढी वर्षं," तो म्हणाला. "आणि एकाने पण सांगितलं नाय."

मी पण नव्हतं सांगितलं.